भरल्या कळशीचं वजन

अभिमन आबांनी काळा डबा दोन्ही हातांनी धरून गुडघ्यापर्यंत उचलला, डोळे मिटून क्षणभर तसाच तोलला आणि खाली ठेवला. मग त्याच्या शेजारचा पांढरा उचलला. तो एका हातात सहज वर आला, तशी आबांच्या कपाळावर आठी पडली.

"आबा, यात वजन नसतं बघायचं," काउंटरमागची सोनल म्हणाली. "कपॅसिटी बघायची."

आबा हसले. काल-परवाची पोर आपल्याला माल पारखायला शिकवते म्हणजे कठीणच. त्यांच्या गावी, फागण्यात, कुणाला पाण्याची मोटर घ्यायची झाली, तर तो माणूस आधी पैशांची जुळवाजुळव करी आणि मग आबांना मोटरसायकलवर मागे बसवून धुळ्याला आणी. आबा मोटरचं बिल बघत नसत, पाटी वाचत नसत. नुसती उचलत. जड भरली तर आत तांबं, हलकी भरली तर ॲल्युमिनियम. पहिल्याच उन्हाळ्यात जळणार. चाळीस वर्षांत त्यांचा हात खोटा ठरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आबांच्या तरी नव्हतं.

पण आज मोटर घ्यायची नव्हती, लाइन गेल्यावर घरातलं यंत्र चालवील असा बॅटरीचा डबा घ्यायचा होता. त्यांच्या बायकोची, कमलबाईंची, फुफ्फुसं गेल्या वर्षापासून आखडत चालली होती. खाटेजवळ ऑक्सिजन देणारं दप्तराएवढं यंत्र दिवसभर घुरघुरत असे, त्याची नळी त्यांच्या नाकाला लावलेली. चैत्र लागला तसे वारे सुटले, आणि गेल्या आठवड्यात भरदुपारी लाइन गेली. ऑक्सिजनचा सिलिंडर कोपऱ्यात उभा होता, पण रिकामा. भरून आणतो, आणतो म्हणत आबांनीच तो राहू दिला होता. अडीच तासांनी वीज आली तेव्हा कमलबाईंचे ओठ जांभळे पडले होते. आबांना तेव्हापासून जेवण जात नव्हतं. सिलिंडर दुसऱ्याच दिवशी भरून आणला, तरी जीव थाऱ्यावर येईना.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "हा वज्रशक्ती. आणि हा?"

"किरोबा. दोन्ही कंपन्या चांगल्या आहेत. वज्रशक्ती हजार वॅट-अवरचा, किरोबा पाचशेचा."

"आणि यावर तर पंधराशे लिहिलंय."

"ते वॅट. वॅट वेगळं, वॅट-अवर वेगळं."

आबांनी मनात हिशेब मांडला. साडेसातशे वॅट म्हणजे एक हॉर्सपॉवर. पंधराशे म्हणजे दोन.

"म्हणजे विहिरीवरची दोनची मोटर यावर चालंल?"

"मोटर सुरू होतानाच मान टाकेल तो," सोनल म्हणाली. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने पेन खाली ठेवलं. "असं बघा आबा. वॅट म्हणजे पाइप किती जाड. वॅट-अवर म्हणजे टाकीत पाणी किती. तुमच्या मशीनला पाइप बारीकच लागतो, एकशेवीस वॅटचा. काळ्या टाकीवर ते सात तास चालेल, पांढरीवर साडेतीन."

हे आबांना कळलं. कळलं म्हणून बरं वाटत होतं, तोच नाशिकहून स्वप्नीलचा फोन आला आणि कळलेलं सगळं वाहून गेलं. पोरगा दोन दिवस मोबाइलवर याच गोष्टीच्या मागे होता. तो म्हणाला, वज्रशक्तीला लोकांनी तारे जास्त दिलेत, पण किरोबा तासाभरात चार्ज होतो. एक माणूस म्हणतो वज्रशक्तीचा पंखा आवाज करतो, दुसरा म्हणतो किरोबाचा. बॅटरी किती हजार वेळा भरता येते ते विचारा. शुद्ध साइन वेव्ह आहे का ते विचारा.

"शुद्ध काय?"

"साइन वेव्ह, आबा."

आबांनी तो शब्द सोनलपर्यंत नेईस्तोवर त्याला शेंडा-बुडखा राहिला नाही. दोन्हीत शुद्धच आहे, सोनल म्हणाली. मग प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसं न कळल्यासारखं करून निवड टळणार नव्हती. आणि चुकली तर या वेळी कुणाची केळी-कपाशी सुकणार नव्हती.

पुन्हा फोन वाजला. कमलबाई होत्या. त्या एका दमात तीन-चार शब्दच बोलत, मग थांबत.

"भेटनं का?"

"दोन शेतस. पाही ऱ्हायनू," दोन्ही डब्यांकडे आळीपाळीने बघत आबा म्हणाले.

पलीकडे यंत्राची घुरघुर ऐकू येत होती.

"कितलं जड शे?"

आबांचा चेहरा उजळला. सोनलला नाही कळलं, पोराला नाही कळलं. घरात चाळीस वर्षं राहिलेल्या बाईला बरोबर कळलं की वजन विचारायचं.

"चांगलं जड शे," ते अभिमानाने म्हणाले. "दोन हातघाई उचलनं पडस."

"दोन हातघाई," कमलबाईंनी स्वतःशीच म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

आबांनी काळ्या डब्यावर हात ठेवला. "हाच दे."

घरी आल्याबरोबर त्यांनी डबा खाटेशी मांडला, भरायला लावला आणि चारच्या सुमाराला घराचा मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडला. पंखा थांबला. यंत्र थांबलं नाही. डब्यावर निळे आकडे उजळले होते. आबा पाटावर बसून त्या आकड्यांकडे बघत राहिले.

"पसंद शे ना?"

"चांगलं शे," कमलबाई म्हणाल्या. त्यांनी हात लांब करून डब्याचा दांडा धरला, जरा ओढून पाहिला आणि सोडून दिला. आबांनी ते पाहिलं. नवी वस्तू माणूस हाताळतोच, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतातून येताना ते वाटेवरच्या झुलालच्या ओट्यावर थांबले आणि वॅट आणि वॅट-अवर यांतला फरक त्याला पाइप आणि टाकी करून समजावून सांगितला. जणू तो त्यांनीच शोधून काढला होता. झुलालने मान डोलावली. तो म्हणाला, तुमचा हात म्हणजे वजनकाटा आहे आबा.

घराशी आले तेव्हा समोरच्या आळीत बिबड्या चालल्या होत्या. चैत्र-वैशाखात आळीतल्या बायका पाळी लावून एकेकीच्या दारात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे उन्हात वाळवायचे मोठे पापड, घालतात. आज तीन घरं सोडून पुनमची पाळी होती. ज्वारीच्या पिठाचा घाटा मागच्या अंगणातल्या चुलीवर शिजवून आणलेला, दारात खाटांवर ओली धोतरं अंथरलेली, आणि सात-आठ जणी वाकून हात फिरवत होत्या. घाट्याला मीठ-तीळ बरोबर पडलं की नाही हे ठरवायचं काम आळीत कमलबाईंचं. गेल्या वर्षी वाटीत घाटा घालून तो त्यांच्या खाटेपर्यंत आणावा लागला होता, आणि त्यांनी चाखून आत बसल्या बसल्याच निकाल दिला होता.

आबा दारात आले आणि थांबले.

खाट रिकामी होती. काळा डबाही खाटेशी नव्हता. खाटेच्या पायापासून फरशीवर एक पांढरा ओरखडा निघाला होता. तो मध्ये एकदा थांबला होता, मग जरा वाकडा होऊन पुढे गेला होता, पुन्हा थांबला होता, आणि उंबरठ्याशी संपला होता. तिथे डबा होता. डब्याच्या आतल्या बाजूला, भिंतीला टेकून, नाकाला नळी लावून कमलबाई बसल्या होत्या. यंत्र मांडीशी घेतलेलं. धुवट पातळ नेसलेलं, केस विंचरलेले. उंबरठ्याबाहेर, पायरीवर, त्यांच्या चपला जोडीने ठेवल्या होत्या. त्या चपला वर्षभर खाटेखाली धूळ खात पडलेल्या, हे आबांना माहीत होतं. आता त्यांवर धूळ नव्हती.

आबांनी उंबरठ्याकडे पाहिलं. जुन्या घराचा, वीतभर उंच.

"माले सांगं नही तू?"

"फोनवर इचारं व्हतं ना," कमलबाई म्हणाल्या. दम घेऊन पुढे म्हणाल्या, "कितलं जड शे, म्हनीसन."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर आबांना बरं वाटलं असतं. मी उचलून देतो, हे तोंडापर्यंत आलं आणि त्यांनी गिळलं. ते रोज पहाटे सहाला शेतात जात, आणि रोज उचलून द्यायला कोण येणार हे विचारण्यासारखं नव्हतं. शिवाय सात तासांचा हिशेब त्यांच्या मनात अजून घोळत होता. साडेतीन तासांत लाइन आली नाही तर? त्यांची नजर कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे गेली. तो भरलेला होता. यापुढे तो भरलेलाच राहील, एवढं तर आपल्या हातात होतं.

ते आत गेले आणि पाण्याच्या घडवंचीवरून पितळी कळशी घेऊन आले.

"तू कितली भरी उचलस?"

कमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बोट कळशीच्या गळ्याशी नेलं.

"आठलोंग."

"आज?"

"आज बी."

आबांनी त्यांना हात देऊन उठवलं, डबा आणि यंत्र दोन्ही उंबरठ्याबाहेर ओट्यावर मांडलं, आणि खुर्ची ओढून दिली. पुनमने लांबून पाहिलं आणि वाटीत घाटा घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सोनलने दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं. आबांनी काळा डबा काउंटरवर ठेवला. त्याच्या तळाला ओरखडे होते. सोनलने ते बोटाने चाचपले.

"पडला का आबा?"

"पडला नही. ओढला."

"बदलून देते, पण थोडे पैसे कापले जातील."

"काप." त्यांनी पिशवीतून पितळी कळशी काढली. "आधी हिच्यात पाणी दे. गळ्यापर्यंत."

सोनलने कोपऱ्यातल्या जारखाली कळशी धरली, भरली आणि पुसून त्यांच्यापुढे ठेवली. आबांनी डाव्या हातात कळशी घेतली, उजव्या हातात पांढरा डबा. डोळे मिटले. दुकानात आलेलं दुसरं गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघत उभं राहिलं. आबांना घाई नव्हती. त्यांनी दोन्ही हात एकदा वर केले, एकदा खाली, आणि पुन्हा वर.

"कसं आहे?" सोनलने विचारलं.

"हलकं शे," आबा म्हणाले.

चाळीस वर्षांत हा शब्द त्यांनी किती मोटरींना लावला असेल आणि किती माणसांना रिकाम्या हातांनी परत नेलं असेल. त्यांनी डोळे उघडले, कळशी खाली ठेवली आणि पांढरा डबा तेवढा हातातच ठेवला.

"बांधून दे."