पाचवी चौथाई

शाळेत शिकवतात की चार चौथाया मिळून एक पूर्ण होतो. रोमच्या टेस्टाच्चो मोहल्ल्यात मात्र पाच व्हायच्या. आमच्या कत्तलखान्यात बैल उतरला की पहिली चौथाई सरदारांची, दुसरी पाद्र्यांची, तिसरी पैसेवाल्यांची, चौथी शिपायांची. मग जे उरायचं, शेपटी, जीभ, भेजा, वजडी, कलेजी, ती पाचवी चौथाई. ती आम्हा कातडी सोलणाऱ्यांची. कत्तलखाना बंद होऊन जमाना झाला, पण आमच्या चुलींनी तो हिशेब सोडलेला नाही.

मी आजेनोरे. तरुणपणी तिथे सुरी चालवायचो, आता तोंड चालवतो. लोक म्हणतात मी थापा मारतो. साफ खोटं. मी फक्त खऱ्याला थोडा वेळ मुरत ठेवतो.

माझ्या घराखाली सोरा झेलिंदाची खाणावळ; सोरा म्हणजे आमच्याकडे बाई. वय एकाहत्तर, हात पाटावरवंट्यासारखे, जीभ त्याहून जड. एकोणिसाव्या वर्षी चुलीपुढे उभी राहिली ती बावन्न वर्षं उभीच. जेवायची तीसुद्धा उभ्यानं, एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात पावाचा तुकडा.

आता एकवीस एप्रिल म्हणजे रोमचा वाढदिवस. त्या दिवशी अर्धं शहर चादरी गुंडाळून जुने रोमन बनतं. आमच्या मोहल्ल्याचा सोहळा कत्तलखान्याच्या अंगणात, दुपारी. ज्या आकड्यांना बैल टांगायचे त्यांना त्या दिवशी फुलांच्या माळा. खाली तीन पलंग, एकेकावर तिघं, डाव्या कोपरावर रेलून उजव्या हातानं जेवायचं, जुने उमराव जेवायचे तसं. बाकीचे आम्ही गुलाम.

नऊ जागा कोणाला, हे ठरवायचे काउंट रानुच्चो स्पाडाल्बा. आमच्या प्रजासत्ताकानं सरदारक्या रद्द केल्या तेव्हा हे गृहस्थ पाळण्यातही नव्हते, पण ती बातमी त्यांच्या घरापर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांचं म्हणणं, आपण एका खऱ्याखुऱ्या सेनेटरचे वंशज. त्या सेनेटरचं संगमरवरी डोकं त्यांच्याकडे आहे, नाक तुटलेलं. आठ जागांवर काउंट आणि त्यांचे बॅरन, मार्केसा असे पदवीवाले दोस्त. नववी जागा त्या डोक्याची. उशी लावून ठेवायचे, आणि सोरा झेलिंदा गुलाम बनून त्याच्यापुढे ताट मांडायची.

यंदा मार्च महिन्यात ती मला म्हणाली, "आजेनोरे, मला एकदा आडवं पडून जेवायचंय."

"मग घरी पड की! कोण अडवतंय?"

"घरी पडलं तर आजारी म्हणतात. मला तिथं पडायचंय. अंगणात, सगळ्यांदेखत. दुसऱ्या कोणीतरी वाढायचं आणि मी नुसतं बोट करून सांगायचं, ते आण. एकदाच. पुढच्या वर्षी हे गुडघे मला अंगणापर्यंत नेतील की नाही, देव जाणे."

"जागा कुठाय पण?"

"त्या दगडाची आहे ना! सोळा वर्षं वाढतेय मेल्याला. एकदा तरी 'छान झालंय' म्हणाला?"

मी हसलो, पण तिनं डोळे पुसले. कांदा चिरत होती खरी. पण मी ओळखतो, कांद्यानं येणारं पाणी दोन्ही डोळ्यांतून सारखं येतं.

दुसऱ्याच दिवशी काउंट स्वतः चौकात माझ्या बाकावर येऊन बसले. त्यांच्या हातात कागद होता. गेल्या वर्षी कोणा डचेसनं त्यांच्या मेजवानीला 'लग्नाचं जेवण' म्हटलं होतं, ते त्यांना लागलं होतं.

"सोर आजेनोरे, यंदा अस्सल! सेनेटर जे खायचे तेच. डॉन कॅलिस्टोनं जुन्या पोथ्यांतून यादी काढून दिलीय. लॅटिनमध्ये."

डॉन कॅलिस्टो म्हणजे आमचे म्हातारे पाद्री. त्यांनी मला लहानपणी लॅटिन शिकवलं होतं, कान पिरगाळून. त्यामुळे मला फार येत नाही, पण आलेलं विसरत नाही.

मी यादीवर बोट ठेवलं. "हे पहिलं काय, काउंटसाहेब?"

"सुमेन." त्यांनी घसा खाकरला. "हे... पूर्वेकडचं फळ असणार. आशियातलं."

मी जीभ चावली. सुमेन म्हणजे डुकरिणीची कास. सीझरांच्या काळी एकेका कासेवरून उमरावांत भांडणं व्हायची. पण इतक्या आत्मविश्वासानं कोणी खड्ड्याकडे चालला असेल तर त्याला हाक मारून दचकवू नये, असं मला वाटतं.

"फळच ते," मी म्हणालो. "फार दुर्मिळ. खालून तोडावं लागतं. आणि तोडताना झाड लाथ मारतं."

"बघा! आणि हे, मोराचा भेजा?"

"मिळेल. पण मोराला भेजा असता तर तो एवढा पिसारा घेऊन चिखलातून फिरला असता का? एका वाटीला चारशे मोर लागतात."

काउंटचे डोळे चमकले. चारशे हा आकडा त्यांना एकदम सेनेटरी वाटला.

खाली आणखी होतं, फ्लेमिंगोच्या जिभा, कोंबड्याचे तुरे, भरलेलं आतडं. मी वाचत गेलो आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. सोन्याच्या ताटांतली ती यादी म्हणजे झेलिंदाच्या भिंतीवरची खडूची पाटी होती! फक्त लॅटिनमध्ये.

"हे रांधणारी रोममध्ये एकच बाई आहे," मी म्हणालो. "आमची झेलिंदा. तिच्या घराण्यात ही विद्या दोन हजार वर्षं आईकडून लेकीकडे आलीय." यातला 'दोन हजार'चा आकडा थोडा मुरलेला होता. "पण तिची एक अट आहे. नववी जागा."

काउंट ताठ झाले. "तिथे माझे पूर्वज असतात."

"त्यांना उभं राहायला सांगा. दोन हजार वर्षं आराम झालाय."

"सोर आजेनोरे, तिथे पडायला माणूस थोर लागतो. स्वयंपाकीणबाई चांगल्या आहेत, पण..." ते थांबले. यादीकडे पाहिलं. चारशे मोर त्यांना सोडवत नव्हते. शेवटी म्हणाले, "ठीक. माझ्या पाहुण्यांपैकी एकानं जरी आपणहून दुसऱ्यांदा वाढायला सांगितलं, तर जागा त्यांची. नाहीतर त्या वाढतील आणि पुन्हा हा विषय नाही. स्पाडाल्बाचा शब्द."

मी झेलिंदाला सांगितलं. ती म्हणाली, "गाढवा, म्हणजे मी त्यांना फसवायचं?"

"नावं लॅटिनमध्ये सांगायची. हे फसवणं नाही, शिक्षण आहे."

"कोणी विचारलं तर मी खरं सांगणार."

"कोण विचारतंय? थोर माणसं स्वयंपाकिणीशी बोलत नाहीत."

एकवीस तारखेला ऊन असं पडलं होतं की पलीकडची फुटक्या घड्यांची टेकडीसुद्धा ताज्या पावासारखी फुगलेली दिसत होती. ती टेकडी आमच्या पूर्वजांची. तेलाचा घडा एकदा वापरायचा, फोडायचा, फेकायचा. टाकलेल्याचा डोंगर झाला आणि त्याला आम्ही इतिहास म्हणतो.

पाहुणे रेलले. काउंटनी सुरुवातीलाच उभं राहून पत्नीच्या हारातला मोती व्हिनेगरच्या पेल्यात टाकला. जुन्या काळी राण्या असा मोती विरघळवून प्यायच्या म्हणे. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. मोती विरघळला नाही. तो वर येऊन तरंगायला लागला. काउंटनी पत्नीकडे पाहिलं, पत्नीनं आकाशाकडे. मग काउंटनी डोळे मिटून ते व्हिनेगर मोत्यासकट गिळलं. त्या क्षणी मला हा माणूस पहिल्यांदा जरा आवडला.

मग झेलिंदा ताटं घेऊन निघाली. गुलामाच्या गोणपाटातल्या झग्यात, लंगडत. कास तिनं उकडून, निखाऱ्यावर भाजून, वर मिरी आणि मध लावून आणली होती. मोरांचा भेजा म्हणजे कोकराचा, पिठात घोळून तळलेला. फ्लेमिंगोची जीभ वासराच्या जिभेएवढी होती, पण पक्षी मोठा असेल, असं सगळ्यांनी समजून घेतलं. आणि शेवटी शेपटी, टोमॅटो आणि सेलरीत सहा तास शिजलेली. सीझरांच्या काळी टोमॅटो नव्हता, पण हे सांगणारे एकटे डॉन कॅलिस्टो होते आणि त्यांचं तोंड भरलेलं होतं.

नुसता चावण्याचा आवाज. बॅरन पेलाजो बोटं चाटत होता, पण मागेना. थोर माणूस मागत नाही, त्याला वाढलं जातं! झेलिंदा रिकामी ताटं उचलायला लागली. दोन ताटं उचलली, चार उचलली, सात उचलली.

आठवं ताट मार्केसा ओलिंपियाचं. वय नव्वद, वजन एका मांजराएवढं. तिनं ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"अगं ए, कुठे नेतेस? अजून वाढ. ते पूर्वेकडचं फळ वाढ!"

झाली, जागा झेलिंदाची झाली! पण म्हातारी तिथं थांबेल तर ना! "काय गं चव आहे. कुठल्या झाडाचं?"

मी झेलिंदाला डोळा मारला, हात जोडले, टोपीही काढली. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"झाडाचं नाही, बाईसाहेब. डुकरिणीची कास आहे. भेजा कोकराचा, जीभ वासराची, आणि आता खाल्लीत ती बैलाची शेपटी."

बॅरनच्या डोक्यावरची तमालपत्रांची माळ रश्श्यात पडली. दोघं पाहुणे उठून उभे राहिले.

काउंट पांढरेफटक पडले. "पाचवी चौथाई? माझ्या पानावर?"

"यादी तुमची, काउंटसाहेब. मी फक्त शिजवलं."

"यादी बरोबर आहे, रानुच्चो," डॉन कॅलिस्टो तोंड पुसत म्हणाले. "तुझा सेनेटर हेच खायचा. महाग होतं तोवर ते थोरांचं होतं. स्वस्त झालं आणि आपल्या गरिबांच्या चुलीवर आलं. पदार्थ तोच आहे, मुला. ताट बदललं."

"नव्वद वर्षं," मार्केसा ओरडली, "नव्वद वर्षं मला थोर म्हणून उकडलेलं टर्कीचं छातीचं मांस खाऊ घातलं तुम्ही लोकांनी! रानुच्चो, वाढ मला!"

काउंटना 'फसवणूक' म्हणता आलं असतं आणि सगळे पदवीवाले त्यांच्या बाजूनं उभे राहिले असते. मला पक्कं ठाऊक होतं, कारण फसवणूक मीच केली होती. ते उठले आणि नवव्या जागेपाशी गेले. सेनेटरचं डोकं दोन्ही हातांनी उचललं आणि धापा टाकत वजडीच्या पातेल्याशेजारी जमिनीवर ठेवलं.

"दुसऱ्यांदा मागितलं गेलं," ते म्हणाले. "या, सोरा झेलिंदा."

झेलिंदा तशीच उभी. "आणि वाढणार कोण?"

काउंटनी जांभळ्या काठाचा आपला पायघोळ पोशाख कमरेला खोचला आणि डाव उचलला.

आम्ही तिला तिघांनी मिळून पलंगावर चढवलं. तिनं डावं कोपर टेकलं, मग उजवं, मग पुन्हा डावं. काउंटनी समोर ताट धरलं. तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"असं जेवायचे होय हे लोक? घास खाली उतरत नाही, कानाकडे जातो! म्हणून बुडालं त्यांचं राज्य."

सगळे हसले. तिनं बोट करून सांगितलं, "ते आण." काउंट धावले. शेपटी घेऊन परत येतात तो झेलिंदा झोपलेली. बावन्न वर्षांची झोप होती ती. तिच्या घोरण्यानं आकडे एकमेकांवर वाजायला लागले, हे मी शपथेवर सांगतो.

कोणी उठवलं नाही. काउंटनी आपला पोशाख सोडून तिच्या अंगावर घातला आणि आतल्या बनियनवरच तिच्या तोंडावरची माशी वारत राहिले. मधूनमधून जाऊन शेपटीचं पातेलं लागत नाही ना, ते पाहायचे. पदवीवाले पायांच्या बोटांवर चालत ताटं गोळा करत होते.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा तिनं डोळे उघडले. उठून बसली, बोट करून पातेलं जवळ मागवलं, त्यात पावाचा तुकडा बुडवला, चाखला, आणि तिचा चेहरा बदलला.

"यात पाणी कोणी घातलं?"

सात पदवीवाले आकाशात चिमण्या शोधायला लागले. मी बुटाची नाडी बांधली, आणि माझ्या बुटांना नाड्या नाहीत.

बनियनवरचा माणूस एक पाऊल पुढे आला. "मी घातलं, सोरा झेलिंदा. खाली लागत होतं."

तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पाय आखडून घेतले आणि पलंगावर जागा करून थोपटलं.

"बस इथं. आता सांगते, शेपटी लागायला लागली की काय करतात."