छत्री घेऊन उभी राहिले

“हेल्मेट घट्ट बांध,” हे लांबून ओरडले.

“बांधलंय. तुम्ही चेंडू टाका.”

“कोटाची बटणं?”

“लावलीत. आता रजई पण गुंडाळू का?”

नदीकाठच्या मैदानात मी स्कूटरचं हेल्मेट आणि ऐन ऑक्टोबरात थंडीचा जाडजूड कोट घालून, दोन्ही हातांत बॅटसारखी छत्री धरून उभी होते. बांधावरून कुत्रा फिरवायला निघालेले एक आजोबा थांबून बघत होते. कुत्राही बघत होता. समोर माझा नवरा, कुरोइवा योशिनोरी, वय सेहेचाळीस, धंद्यानं बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हातात चेंडू घेऊन नुसता उभा. चेंडू काही हातातून सुटेना.

पिचर म्हटलं की लोकांना फलंदाजाला बाद करणारा माणूस आठवतो. हेही एके काळी तसेच होते. डावखुरे, उंच, शाळेच्या मैदानावरून थेट मोठ्या संघानं उचललेले. गावानं मिरवणूक काढायचीच काय ती बाकी ठेवली होती. पुढची काही वर्षं दुय्यम संघात घासण्यात गेली. मुख्य संघाकडून अधूनमधून बोलावणं यायचं. असाच एक सामना बघायला मी माझ्या आईला घेऊन गेले होते, आमचं लग्न अजून ठरायचं होतं. हे आठव्या डावात आले आणि लागोपाठ दोन होमरन, म्हणजे थेट प्रेक्षकांत जाणारे फटके, खाऊन मान खाली घालून परत गेले.

आईनं विचारलं, “हाच का गं तो?”

“हाच.”

“उंच आहे,” आई म्हणाली. दुसरं बरं काही तिला सापडलं नसावं.

त्या वर्षअखेरीला संघानं यांना काढून टाकलं आणि थोड्याच दिवसांत परत बोलावलं, सरावाचा पिचर म्हणून. सामन्याआधी आपल्याच फलंदाजांना झोडता येतील असे चेंडू टाकायचे, रोज, शेकड्यानं. होमरन खातो म्हणून हाकलला आणि होमरन खायलाच परत ठेवला! मी तेव्हा पोट धरून हसले होते. हे हसले नाहीत. पण एक दिवस जेवता जेवता म्हणाले, “मारता येईल असा चेंडू टाकणं फार अवघड असतं गं. समोरच्याचं सगळं ओळखावं लागतं.” त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला. माणूस सावरला होता.

फक्त एक अट घातली यांनी. मी मैदानावर यायचं नाही. मी आले की मार बसतो म्हणे. “आता तर मार खायचाच पगार मिळतो,” असं मी म्हटलंही, पण अट कायम राहिली. इतक्या वर्षांत मी ती मोडली नव्हती.

मिनेगिशी हा आमच्या संघाचा सगळ्यात मोठा फलंदाज. तोही डावखुरा. आला तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर होता, आता त्याच्या नावाचे टॉवेल विकले जातात. सराव मात्र तो यांच्याच चेंडूंवर करतो. दुसरा कोणी चालत नाही. अंगालगतचा चेंडू त्याला अडचणीत आणतो, म्हणून तोच जास्त मागतो. सप्टेंबरात असाच एक चेंडू यांच्या घामेजल्या बोटांतून निसटला आणि त्याच्या कोपरावर बसला. आठवडाभर तो घरी.

आम्ही दोघं गोड वड्यांचा खोका घेऊन माफी मागायला गेलो. हाताला पट्टी बांधलेला मिनेगिशी दारात आला आणि आमच्यापेक्षा खाली वाकला. “माझंच चुकलं, कुरोइवा-सान. मीच पुढं सरकलो होतो.”

साफ खोटं होतं ते. त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून समोर फलंदाज उभा राहिला की यांचा हात ऐकेनासा झाला. चेंडू एक तर लांब बाहेर, नाहीतर मातीत. फलंदाज नसताना, नुसती मी हातमोजा घालून समोर बसले, की कसा सरळ मोज्यात यायचा! पण मिनेगिशीला त्याचा काय उपयोग? प्रशिक्षकांनी शेवटी सांगितलं, “हा आठवडा बघू. नाहीतर दुसरा माणूस शोधावा लागेल.” आमच्याकडे करार वर्षाचा असतो आणि तो ह्याच महिन्यात ठरतो. पोटापाण्याचं काही ना काही झालं असतं. मी जेवणाच्या डब्यांच्या दुकानात कामाला आहेच. पण एकदा काढून टाकलेलं यांनी पचवलं होतं. दुसऱ्यांदा पचवतील असं मला वाटत नव्हतं, आणि त्याचीच मला भीती होती.

म्हणून ती छत्री.

“अहो, आजोबा ताटकळलेत. टाका की!”

“तुला लागेल.”

“लागू दे. इतकी वर्षं तुमचं घोरणं सोसलं, हेही सोसेन.”

पहिला चेंडू माझ्यापासून कितीतरी लांबून गेला.

“हा नदीला टाकलात का?” मी म्हटलं आणि एक पाऊल पुढं सरकले. दुसरा मातीत आपटला. मी आणखी सरकले.

“मागं हो! वेडी आहेस का?”

“नाही होणार.”

तिसरा चेंडू माझ्या मांडीवर बसला. छत्री उडाली. डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि ओरडायलाही श्वास उरला नाही. हे धावत आले, माझ्यापुढं गुडघे टेकून बसले. चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी. मलाही त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. पण मग सगळंच ओम फस झालं असतं.

“मेले का मी?” मी विचारलं.

“नाही.”

“मग छत्री द्या आणि जा जागेवर.”

बांधावरून आजोबा ओरडले, “बाई, डोळे मिटू नका!”

खरंच, मी डोळे मिटले होते. पुढच्या चेंडूला उघडे ठेवले. तो कोटाच्या बटणांजवळून सुं करत गेला. त्यानंतरचाही तसाच. मी हलले नाही. आजोबांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांना आता भूक लागली असावी, कारण ते कुत्र्याला घेऊन निघून गेले.

घरी आल्यावर बघितलं तर मांडीवर काळानिळा वळ उठला होता आणि त्यात चेंडूची शिवण उमटली होती. हे बर्फ धरून बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी “क्लिनिकला जाऊन येते” असा यांना निरोप पाठवला आणि मी मैदान गाठलं. सराव बघायला दारं लवकर उघडतात. लंगडत, कठडा धरून पायऱ्या चढत मी अगदी वरच्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या बाईंच्या गळ्यात मिनेगिशीचा टॉवेल होता.

हे जाळीच्या आडून चेंडू टाकत होते. इतके बारीक दिसत होते तिथून! पहिला लांब बाहेर. दुसरा मातीत. फलंदाजाभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्यामागं प्रशिक्षक हाताची घडी घालून उभे होते. माझी छत्रीची करामत वाया गेली, असंच मला वाटलं.

मिनेगिशीनं कोपरावरचं संरक्षक पॅड काढलं, खाली ठेवलं, आणि एक पाऊल पुढं सरकून उभा राहिला.

हे थांबले. टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. मग चेंडू टाकला, त्याच्या छातीलगत, आत. बॅटचा आवाज वरपर्यंत आला. चेंडू उजवीकडच्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन आदळला. पुन्हा तसाच. पुन्हा तिथंच. प्रशिक्षकांनी हातांची घडी सोडली आणि ते दुसऱ्या पिंजऱ्याकडं निघून गेले.

“काय मारतो नाही!” शेजारच्या बाई म्हणाल्या.

“हो ना,” मी म्हटलं. मला नीट दिसत नव्हतं.

सराव संपल्यावर मिनेगिशी हेल्मेट काढून वाकला. हेही वाकले, आणि मग वाकलेलेच राहून टोपलीत चेंडू गोळा करू लागले.

रात्री जेवायला बसलो. भाजलेला मासा होता. बराच वेळ हे काटेच काढत होते.

“क्लिनिकला गेलीस?”

“गेले होते.”

“पायऱ्या चढताना फार दुखलं असेल.”

आमचं क्लिनिक तळमजल्यावर आहे. मी यांच्याकडं बघितलं. यांची नजर ताटलीत.

“उतरताना जास्त दुखलं,” मी म्हटलं.

यांनी काटे काढलेला मासा उचलून माझ्या भातावर ठेवला.