गरम असताना मोजलेला ट्रान्झिस्टर

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. मित्रांनो, ट्रान्झिस्टर म्हटलं की लोकांना रेडिओ आठवतो. तो मी नव्हे. मी त्याच्या पोटात असतो तो, वाटाण्याएवढा, तीन पायांचा. बारीक आवाज घ्यायचा आणि मोठा करून पुढे द्यायचा, एवढंच माझं काम. कारखान्यात आम्ही एका दिवसात हजारोंनी जन्मलो. दिसायला सगळे सारखे, पण आवाज किती पटींनी वाढवायचा ती ताकद ज्याची त्याची वेगळी.

वीस वर्षं मी एका दवाखान्याच्या इंटरकॉममध्ये राबलो. "पुढच्या पेशंटला पाठवा," एवढंच ऐकण्यात उमेदीची वर्षं गेली, पण कुणी नावं ठेवली नाहीत. पुढे तो इंटरकॉम भंगारात निघाला आणि मी दादाच्या तावडीत सापडलो.

दादा म्हणजे भंगारातून मी ज्या घरात आलो, तिथला थोरला मुलगा. त्याच्या टेबलाचं तर वर्णनच नको. उष्टे कप, कापलेली नखं, कपांच्या तळाशी मेलेल्या माश्या. इंटरकॉम उघडून पडला होता, तेव्हा त्यातला एक सुटलेला ट्रान्झिस्टर उचलून दादाने त्या ट्रान्झिस्टरच्या तारेसारख्या पायाने दात कोरले आणि तो पाय शर्टाला पुसून परत ठेवला. शी! तो माझा शेजारी होता हो.

दादा आईसाठी हेडफोनचा अॅम्प्लिफायर बनवत होता. आई गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. मुलींची रेकॉर्डिंग ऐकून ती त्यांच्या चुका काढायची, त्या तिला नीट ऐकू याव्यात म्हणून हा खटाटोप. डाव्या कानाला एक ट्रान्झिस्टर, उजव्याला एक. दोघांची ताकद सारखी हवी, नाहीतर एक कान उपाशी आणि दुसरा तुडुंब.

दादाच्या सुट्या भागांच्या डबीतल्या एका ट्रान्झिस्टरचा आकडा ताकद मोजायच्या मीटरवर दोनशे दहा आला होता. त्याला जोडीदार हवा होता. दादाने कथलाचे सांधे वितळवणाऱ्या तापलेल्या सोल्डरिंग गनने मला इंटरकॉममधून उपटलं आणि चटके बसत असतानाच मीटरमध्ये खुपसलं. आम्ही तापलो की आमचा आकडा फुगतो. निवेपर्यंत थांबायचं असतं. दादाला हे ठाऊक होतं, पण धीर कुणाला?

"दोनशे दहा! सापडला जुळा भाऊ!" तो ओरडला. पाच मिनिटांत मी दीडशेवर आलो. तोवर साहेब चहा प्यायला गेले होते.

मला डाव्या बाजूला बसवलं. आईने हेडफोन घातला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"डावीकडून बारीक येतंय रे. फाटल्यासारखंही वाटतंय."

"आई, मी स्वतः जोडी जुळवलीय. तुझा डावा कान गेला असेल. वय झालं आता तुझं."

आईने हेडफोन काढून ठेवला. आठवडाभरात तिने सगळ्या मुलींना सांगितलं, "दुसरीकडे शिका गं. मला आता नीट ऐकू येत नाही." मी सगळं जाणून होतो आणि मला तोंड नव्हतं. दादाची किळस येत होतीच, त्या दिवशी स्वतःचीही आली.

पंधरा दिवसांनी दादाची धाकटी बहीण घरी आली. शिकवणीची खोली रिकामी बघून तिने आईला खोदून विचारलं. मग हेडफोन उचलला आणि आईच्या डोक्यावर उलटा घातला. डाव्या कानाचा उजव्यावर.

"आता बारीक कुठे?"

"उजवीकडे," आई म्हणाली आणि तिथेच थबकली.

"म्हणजे कान ठीक आहे. दादा, काढ तो डावीकडचा ट्रान्झिस्टर."

मला पुन्हा उपटलं. मीटरमध्ये खुपसलं, पण या वेळी आकडा स्थिरावेपर्यंत बहिणीने दादाचं मनगट धरून ठेवलं. दोनशे दहा. एकशे ऐंशी. एकशे साठ. तिघं बघत होती आणि मी निवत होतो. दीडशेवर थांबलो तेव्हा दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"चुकलं गं आई," तो पुटपुटला.

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने फोन उचलून एका मुलीच्या घरी लावला. ती मुलगी दुसरीकडे जायला लागली होती. आईने दुसरा नंबर फिरवला.

मी आता डबीत पडून असतो. मित्रांनो, दीडशेचा माणूस दीडशेच्या कामाला चांगला असतो, त्याला दोनशे दहाचा म्हणून मिरवू नका. आमच्या पायांनी दात कोरू नका. तापलेलं काहीही निवल्याशिवाय मोजू नका. आणि काही बिघडलंच, तर आधी स्वतःच्या हाताकडे बघा. आईच्या कानाकडे सगळ्यात शेवटी.