आवाजापुरतं चित्र

नाशिकचं संगणक मंडळ म्हणजे पंधराएक हौशी माणसं. ज्ञानेशच्या टायपिंग क्लासच्या वरच्या खोलीत ती महिन्यातून एकदा जमायची. एकाने काहीतरी नवं दाखवायचं, बाकीच्यांनी त्यात चुका काढायच्या आणि शेवटी भेळ. पण २००७ च्या एप्रिलात ज्ञानेशने ठरवलं, की या खेपेची सभा ज्याने त्याने आपापल्या घरी बसून करायची. विषयच तसा होता : संगणकावरून एकमेकांना बघत बोलण्याची साधनं.

"पोहण्यावरचं भाषण काठावर बसून कशाला ऐकायचं?" तो म्हणाला. "पाण्यातच उतरू."

रूपालीने तेव्हा एकच प्रश्न विचारला होता. "सुरतेहून कुणी आलं तर चालेल?"

"चालेल काय, धावेल! बाहेरगावचं कुणीतरी हवंच होतं तपासायला."

रूपाली माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि पंचवटीत दोन खोल्यांत राहायची. सुरतेला तिची धाकटी बहीण मैना दिली होती. मैनेला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गावच्या शाळेत ती चार वर्षं मागच्या रांगेत बसली आणि मग घरीच राहिली. तिचं सगळं बोलणं दोघी बहिणींनी सायखेड्याच्या मळ्यात, झेंडूच्या सऱ्यांमधून हिंडताना हातांनी रचलेलं. बोटं मिटून एकदम उघडली की झेंडू. डोक्यावर टोपली ठेवल्यासारखं केलं की नाशिकचा बाजार. मूठ फिरवली की मोटारीला वीज आली. त्या भाषेला व्याकरण नव्हतं, नावही नव्हतं. ती बोलणारी माणसं जगात दोनच होती. आईला त्यातलं कामापुरतं यायचं.

दीड वर्षापूर्वी मैनेचं लग्न झालं. नवरा शेखर कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता. माणूस सरळ वाटला होता. पण तेव्हापासून मैनेची प्रत्येक खबर दुसऱ्याच्या तोंडून यायची. फोन केला की शेखर किंवा त्याची वहिनी सांगायची, "मजेत आहे." दिवाळीला ती आली ती सासरच्या चार माणसांबरोबर, दोन दिवस. घर भरलेलं. दोघींच्या हातांना एकांत मिळालाच नाही.

"मजेत हाय, हे ती म्हनती का ते म्हनत्यात?" नवसाबाई, म्हणजे त्यांची आई, दर फोननंतर विचारायची.

आता आखाजी आठवड्यावर आली होती. लेकीबाळी माहेरी येण्याचा सण. नवसाबाईने मनाशी पक्कं केलं होतं, की यंदा मैनेला आणायची ती परत धाडायची नाही. "मुकं लेकरू परक्या मुलखात. कोन ईचारतंय त्याला?"

"आधी तिला विचारू दे मला," रूपाली म्हणाली होती.

"ईचार. तिनं सवताच्या हातानं 'बरी हाय' म्हटलं, तर मी गप बसंन. नाय तर नाय."

रविवारी नवसाबाई पंचवटीच्या बाजारात झेंडू विकून, रिकामी टोपली घेऊन थेट लेकीच्या खोलीवर आली. उन्हाची तिरीप नको म्हणून रूपालीने पडदे ओढले होते. खोलीत पडद्यांचाच निळसर उजेड भरला होता, आणि त्यात आईच्या लुगड्याला लागलेला फुलांचा वास. पंख्याच्या झुळकीने पडदा आत यायचा, भिंतीवरचा उजेड हलायचा, परत स्थिर व्हायचा. नवसाबाई खुर्चीवर बसली नाही. संगणकासमोर स्टूल ओढून तिने पदर सारखा केला, जणू कुणाच्या घरी पाहुणी आली होती.

सभा सुरू झाली. पहिल्या साधनात शब्द आधी यायचे आणि ओठ मागून. दुसऱ्यात ज्ञानेशचं डोकं आणि खांदे वेगवेगळ्या वेळी हलत होते. चेहरे थोडे पसरायचे, थोडे विरघळायचे, परत जुळून यायचे. विहिरीच्या पाण्यात स्वतःला बघावं तसे. नवसाबाई ते सगळं तोंडाला पदर लावून बघत होती.

"ह्ये समदे आपापल्या घरी हायत?"

"हो."

"आन् आपल्या घरीबी हायत," ती हळूच म्हणाली.

मग ज्ञानेशने तिसरं साधन काढलं. सगळ्यात नवं. "इंटरनेटची लाइन बारीक आहे, पंधरा चित्रं एकदम मावत नाहीत. म्हणून हे साधन काय करतं, जो आवाज करेल तेवढ्याचंच चित्र सगळ्यांना धाडतं. बाकीच्यांच्या चौकटी काळ्या. म्हणजे गर्दी नाही, गोंधळ नाही. बोला आणि दिसा!"

"म्हणजे राज कायमचा दिसणार," एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले कारभारीकाका म्हणाले आणि क्षणभर त्यांचाच पांढऱ्या मिशांचा चेहरा पडदाभर आला.

"काका, जळू नका," राजचा चेहरा आला. त्याचा सायबर कॅफे होता आणि जीभ कायम चालू. "देखणा माणूस दिसलेला बरा."

यादीत खाली 'सुरत' असं नाव उमटलं. रूपालीने खुर्ची पुढे ओढली. पण नावाशेजारची चौकट काळीच राहिली.

"सुरत, बोला!" ज्ञानेश म्हणाला. "सुरत? आवाज येत नाही तुमचा."

फोन वाजला. शेखर होता. "ताई, आम्ही कॅफेत बसलोय. कॅमेऱ्याचा दिवा लागलाय. ती केव्हाची हात हलवतीये, तुम्हाला दिसत नाही का?"

रूपाली काळ्या चौकटीकडे बघत राहिली. त्या चौकोनामागे मैना हात हलवत होती. जो आवाज करेल तो दिसेल. आणि परवा फोनवर, सगळ्या गोष्टी नीट एकेक करून सांगताना, तिनेच शेखरला सांगितलं होतं, "माइक घेऊ नका, मैनेला त्याचा काय उपयोग?" बहिणीला सगळ्यात जास्त ओळखणाऱ्या माणसानेच तिला काळोखात बसवलं होतं.

"शेखरराव, माइक घ्या. असेल तिथला. तिच्या हातांजवळ ठेवा."

"पण ती तर..."

"घ्या तुम्ही. मग सांगते."

शेजारच्या गिऱ्हाइकाकडून त्याने मागून घेतला असावा. बराच वेळ नुसती खरखर आली. आणि मग बांगड्या वाजल्या. बारीक, काचेच्या, दोन्ही मनगटांच्या. काळी चौकट उजळली आणि पडदाभर मैना आली. हिरवी साडी, मागे कॅफेची लाकडी फळी, आणि हवेत अर्धवट थांबलेला हात.

"माझी बाय!" नवसाबाई मोठ्याने म्हणाली, आणि मैना नाहीशी झाली. त्या जागी नवसाबाईच स्वतःकडे बघत होती.

"आई, बोलू नकोस! आपण बोललो की ती जाते."

"आं?"

रूपालीने मंडळाला सांगितलं. बहिणीला ऐकू येत नाही, ती हातांनी बोलते, तिच्या बांगड्या वाजतील तेवढंच ती दिसणार. थोडा वेळ कुणी आवाज केला नाही तर...

"मंडळी," कारभारीकाका म्हणाले, "कंट्रोल रूमची शिस्त. पंखे बंद, तोंडं बंद."

तेव्हा नाशिकमधल्या पंधरा घरांत शांतता झाली. कॉलेज रोडला, सातपूरला, नाशिकरोडला पंखे थांबले. भर उन्हात पंधरा माणसं घाम पुसत, श्वास आवरून काळ्या चौकटींमागे बसली, आणि त्या सगळ्या शांततेवर सुरतेच्या बांगड्या वाजत राहिल्या. हात हलला की मैना उजळायची. थांबला की तशीच थबकून राहायची, चित्रासारखी. हात वेगात गेला तर त्याची नुसती हिरवी-सोनेरी रेघ उमटायची. सुरुवात दिसायची, शेवट दिसायचा, मधलं विरून जायचं. मैनेच्या ते आपोआप लक्षात आलं असावं. ती सावकाश बोलू लागली. प्रत्येक खूण पाण्यात दिवा सोडावा तशी सोडून द्यायची आणि तो पोचेपर्यंत थांबायची.

मध्येच कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि एक रिकामं स्वयंपाकघर पडदाभर आलं. राजला शिंक आवरेना; त्याचा डोळे मिटलेला चेहरा सुरतेपर्यंत जाऊन आला. मैना खदखदून हसली. तिचं ते मोठं, मोकळं हसू खोलीत घुमलं आणि नवसाबाईने पदर तोंडात दाबला.

रूपालीने आपलं चित्र जावं म्हणून चमच्याने टेबल वाजवलं. मग कानाच्या पाळीला हात लावला. घरात मैनेला हाक मारायची ती खूण. ती कुणी पहिल्यांदा केली, कुणालाच आठवत नव्हतं.

बांगड्या वाजवून मैनेने मान हलवली. नाही.

रूपालीला वाटलं, चित्र अडकलं. तिने चमचा वाजवून पुन्हा कानाला हात लावला. मैनेने पुन्हा मान हलवली, हसतच. रूपालीने तो विचार बाजूला ठेवला आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. रोप लावल्यावर बुंध्याशी माती दाबतात तसे दोन्ही तळवे खाली दाबले आणि भुवया उंचावल्या. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होता : तुझं बरं चाललंय? रुजलीस का तिथे?

बांगड्या वाजल्या. मैनेने उत्तर दिलं. एक हात, दोन बोटं, छातीवरून वर, मग बाहेर.

नवसाबाईने लेकीच्या दंडाला धरलं. काय म्हनती, असं तिने नुसत्या डोळ्यांनी विचारलं.

रूपालीला कळलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा बहिणीच्या हातांनी असं काही म्हटलं होतं, जे तिला ठाऊक नव्हतं. तिने तळवे उलटे करून दाखवले : समजलं नाही.

मैना जरा थांबली. लहान मुलाला सांगावं तसं मग तिने त्यांच्या जुन्या भाषेत सांगायला सुरुवात केली. पुष्कळ माणसं. गोल बसलेली. कानाला हात, मानेने 'नाही'. यालाही नाही, त्यालाही नाही, कुणालाच ऐकू येत नाही. तिने दोन्ही हात हवेत नाचवले, बांगड्या किणकिणल्या : सगळे बोलतात! मघाची खूण त्यांचीच. नवऱ्याची खूण, मिशी पिळल्यासारखी : तो नेतो, आठवड्याला. मग कमरेएवढी उंची दाखवली, त्याहून कमी, त्याहून कमी. लहान मुलं. स्वतःच्या छातीवर बोट : मी शिकवते.

आणि मग तिने स्वतःचं नाव सांगितलं. डाव्या डोळ्याखाली तिला तीळ होता. त्याला बोटाने हलकेच टेकवून बोटं बाहेर उमलवली. तिकडच्या माणसांनी दिलेलं नाव. तीळवाली, हसरी. तिने कानाची खूण करून हाताने पुसून टाकली आणि पुन्हा तिळाला बोट टेकवलं.

रूपालीला आता कळलं, इतकी वर्षं त्यांनी तिला जे तिच्याजवळ नव्हतं त्यावरून हाक मारली होती. प्रेमानेच. रोज.

तिने आईच्या कानाशी वाकून, ओठांतल्या ओठांत सगळं सांगितलं. नवसाबाईने पडद्याकडे पाहिलं. तिथे मैना थबकलेली होती, एक बोट गालावर.

"आखाजीला येनार का, ईचार."

चमचा वाजला. उत्तर आलं : येईन. दोन रात्री. मग मुलं वाट बघतील.

नवसाबाईने मान डोलावली. "दोन तर दोन," ती पुटपुटली. एवढ्याशा आवाजानेही तिचं चित्र सुरतेला गेलं. पलीकडे आई दिसताच मैनेने दोन्ही हात पुढे केले.

रूपालीने चमचा वाजवला, आणि नवसाबाईचा हात सवयीने कानाकडे गेला. वाटेत थांबला. हळूच गालावर उतरला, डोळ्याखाली, जरा जास्तच खाली.

बांगड्या वाजल्या. मैनेने बोट दाखवलं : वर. आणखी थोडं वर.