एका दुपारी पाच कार्यशाळा

एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं आणि आम्ही सगळे प्राध्यापक स्वेटर घालून सभागृहात बसलो होतो. पंखे बंद होते, कारण हिवाळ्यातल्या फोटोत पंखे फिरताना दिसून चालणार नव्हतं. धर्मेंद्र सर घाम पुसायला कागदी रुमालांचा डबा फिरवत होते. हे आमच्याकडे वाणिज्य शिकवतात आणि मूल्यांकन समितीच्या तयारीचे प्रमुख आहेत. समिती मे महिन्यात येणार होती. गेल्या पाच वर्षांत महाविद्यालयानं आपल्या शिक्षकांना कोणकोणतं प्रशिक्षण दिलं, हे ती बघणार होती. काहीही दिलं नव्हतं. कागदावर मात्र दरवर्षी एक कार्यशाळा होऊन गेली होती, फक्त फोटो काढायचे राहिले होते. ते आज, शुक्रवारी दुपारी, उरकायचे होते.

पाच बॅनर भिंतीला टेकवून ठेवले होते. एकेक चढवायचा, कुणीतरी तज्ज्ञ म्हणून माइकपुढं उभं राहायचं, बाकीच्यांनी वह्या उघडून मन लावून ऐकतोय असं दाखवायचं, फोटो झाला की कपडे बदलून पुढच्या वर्षात जायचं. आदल्या दिवशी ग्रुपवर सूचना आली होती: दोन उन्हाळी, दोन हिवाळी आणि एक पावसाळी पेहराव आणावा, छत्री असल्यास उत्तम. प्रयोगशाळेत बायका आणि ग्रंथालयात पुरुष कपडे बदलत होते. पदव्युत्तर पदव्या घेतलेली, विद्यार्थ्यांना कॉपी करू नका म्हणून दटावणारी माणसं, आणि वरात निघायला उशीर झाल्यासारखी त्यांची धावपळ चालली होती.

दुसऱ्या बॅनरच्या वेळी घोळ झाला. त्या वर्षी इश्वर सर आमच्यात होते. राज्यशास्त्र शिकवायचे, पुढं करोनात गेले. धर्मेंद्र सरांनी यादी बघितली आणि म्हणाले, "त्यांचं नाव हजेरीत टाकून बसलो. फोटोत दिसत नाहीत तं विचारतीन का कोणी?"

"दिसतीन कसे?" कुसुमताई म्हणाल्या. त्या मराठीच्या, पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या.

"फोटोच्या वेळी बाहेर गेले होते म्हणून सांगू," धर्मेंद्र सर म्हणाले. आणि त्यांनी पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवायला लावली, वर एक वही ठेवली. कुसुमताई उठल्या, ती वही उचलली आणि आपल्या मांडीवर घेऊन बसल्या. त्या खुर्चीवर वही ठेवायची हिंमत मग कुणाची झाली नाही.

मी का बसले होते, ते सांगते. माझ्या अर्जावर प्राचार्यांची सही हवी होती म्हणून.

मी तृप्ती शहारे, भूगोल शिकवते. आमचं महाविद्यालय लाखांदूरच्या अलीकडं धानाच्या बांध्यांमध्ये उभं आहे आणि भूगोल विभाग म्हणजे मी एकटी. काही वर्षांपूर्वी विद्यापीठानं अभ्यासक्रम बदलला. उपग्रहाच्या चित्रांवरून संगणकावर नकाशा कसा करायचा, हा नवा विषय आला. अभ्यासक्रम बनवणाऱ्यांनी तो बनवला आणि हात झटकले. तो शिकवणाऱ्यांना कोण शिकवणार, हे विचारलं कुणी नाही. मी शिकले तेव्हा नकाशा म्हणजे ट्रेसिंग पेपर आणि शाईचं पेन होतं. पुस्तक वाचून मी हा विषय शिकवत आले. पुस्तकात लिहिलंय की अमुक खिडकी उघडा. ती उघडली की आत आणखी चार उघडतात, आणि त्यांचं काय करायचं ते पुस्तकात नाही.

प्रतिक्षा नावाची एक हुशार मुलगी माझ्या वर्गात आहे. तिनं एकदा विचारलं, "मॅडम, आमच्या गावचा तलाव दरसाल किती आटते, ते याच्यात दाखवता येते म्हणे. दाखवता का?" मी म्हणाले, पुढच्या तासाला दाखवते. पुढच्या तासाला मी दुसराच धडा काढला. तिनं परत विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. तिला समजलं होतं, आणि तिनं माझी लाज राखली होती, हेच मला सहन होत नव्हतं.

नागपूरला एका प्रशिक्षण केंद्रात याच विषयाचा दोन आठवड्यांचा वर्ग दरवर्षी असतो. प्रत्येकाला एक संगणक, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातानं काम. महाविद्यालयानं कार्यमुक्तीचं पत्र दिलं की पाठवलं जातं, पगार चालू राहतो, पदोन्नतीलाही धरतात. मी दरवर्षी अर्ज केला. एका वर्षी परीक्षा आडव्या आल्या. एका वर्षी प्रवेश. एका वर्षी प्राचार्य म्हणाले, "तुमी गेल्या तं भूगोल कोण पाहीन?" दर वेळी मी "बरं सर" म्हणून बाहेर आले आणि स्टाफरूममध्ये दात-ओठ खात बसले. यंदा परीक्षा आटोपल्या होत्या, प्रवेश लांब होते, समितीच्या आधी मी परत येणार होते. आडवं यायला काही उरलंच नव्हतं. वर्ग सोमवारी सुरू होणार होता. प्राचार्य डॉ. टिकाराम हटवार म्हणाले होते, "शुक्रवारचे फोटो होऊ द्या मॅडम, मंग सही करून देतो."

म्हणून मी स्वेटर घातला. म्हणून मी छत्री घेऊन दारातून आत येतानाचा फोटो दिला. धर्मेंद्र सरांनी छत्रीवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, तेही मी शिंपडू दिलं.

पाचवा बॅनर चढला आणि मी वाचला. 'उपग्रह चित्रे व संगणकीय नकाशालेखन: शिक्षकांसाठी कार्यशाळा'. खाली गेल्या वर्षीची तारीख.

मला वाटलं कुणीतरी माझी थट्टा केली. पण थट्टा करायलाही माझा विचार करावा लागला असता, आणि तेवढा तो कुणी केला नव्हता. धर्मेंद्र सर मोकळेपणानं म्हणाले, "विषय सुचून नव्हता राहिला मॅडम. तुमच्या अर्जावरून घेतला. चांगला वजनदार आहे नं?"

प्रयोगशाळेतून तीन संगणक आणून टेबलावर मांडले होते. वायरी जोडलेल्या नव्हत्या, त्या टेबलामागं लोंबत होत्या. मला मधल्या संगणकासमोर बसवलं, कारण विषय माझा. "माउस धरा. स्क्रीनकडं पाहा. थोडं हसा, शिकून आनंद झाला असं." काळ्या काचेकडं बघून मी हसले. मग प्राचार्यांनी मला प्रमाणपत्र दिलं. जाड कागद, सोनेरी किनार, माझं नाव सुवाच्य अक्षरात. 'यशस्वीरीत्या प्रशिक्षण पूर्ण केल्याबद्दल.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचाही फोटो घेतला.

स्वेटर काढून मी प्राचार्यांच्या खोलीत गेले. हटवार सर पवनीच्या विणकर घराण्यातले. जुना जिल्हा तुटून दोन झाले त्या वर्षी या महाविद्यालयाची पहिली वीट रचली, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. टेबलावर माझा अर्ज वरच होता. त्यांनी पेन उघडलं, अर्ज वाचला, बॅनरांची यादी बघितली आणि पेन बंद केलं.

"आता हे कसं करावं मॅडम?"

"काय झालं सर?"

"गेल्या वर्षी तुमचं हेच प्रशिक्षण झालं नं इथं. कागदावर तुमी सगळं शिकून बसल्या. आता तेच शिकाले मी तुमाले दोन हप्ते पाठवलं, तं समिती मले काय म्हणन? म्हणन, तुमची कार्यशाळा खोटी होती का?"

"ती खोटीच होती सर. अर्ध्या तासापूर्वी झाली."

"तसं नाही बोलत," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पुढच्या वर्षी पाठवतो. समिती होऊन जाऊ द्या. तुमी हुशार आहात, तुमाले कायले पाहिजे वर्ग? मोबाइलवर पाहून शिकता येते."

आणि मग ते जे म्हणाले, त्यानं डोक्यात तिडीक गेली. "उलट मी म्हणतो, तुमी आता प्रशिक्षित झाल्या, तं पुढच्या वर्षी बाकी कॉलेजच्या शिक्षकाईची कार्यशाळा तुमीच घ्या. आपल्या कॉलेजचं नाव होईन."

ते हे प्रेमानं म्हणाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. हा माणूस माझी पाठ थोपटत होता आणि त्याच हातानं मला खाली दाबत होता. मी एवढंच म्हणाले, "अर्ज परत द्या." त्यांनी दिला. सहीची जागा कोरीच होती.

बाहेर कुसुमताई बसच्या वेळेसाठी थांबल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांच्या मांडीवर इश्वर सरांच्या खुर्चीवरची ती वही अजून होती.

"काहून गप बसली तू?" त्या म्हणाल्या.

"तुम्हीही बसलाच होता की ताई."

"हो, बसली होती. तीस वर्षं बसून राहिली." त्यांनी वही पिशवीत टाकली. "तू नको बसू."

घरी नवऱ्याला, अश्वजितना, सांगितलं. ते तहसील कार्यालयात आहेत, कागदाची भीती त्यांच्या नोकरीतच आहे. मी म्हणाले, सोमवारी मी जाणार, रजेचा अर्ज मेलवर टाकते.

"रजा मंजूर नाही झाली तं बिनपगारी होईन," ते म्हणाले. "मेमो देतीन. पदोन्नती आणखी लटकन."

"लटकू द्या."

"अन् पत्र नसलं तं तिथं घेतीन का तुले?"

"नाही घेणार बहुतेक."

"मंग जातेस कायले?"

तेव्हा मी ओरडले. नवऱ्यावर ओरडायचं काही कारण नव्हतं, पण समोर ते होते. मी म्हणाले, मी त्या पोरींना रोज खोटं शिकवते. मला येत नाही हे त्यांना माहीत आहे, आणि मला येतं असं आता माझ्या नावानं छापून दिलंय. पुढच्या वर्षी मी बॅनरखाली उभी राहीन, माझ्यासमोर दुसऱ्या कॉलेजच्या बायका स्वेटर घालून बसतील, आणि मी त्यांना काळी काच शिकवीन. सोमवारी पहाटे त्यांनी गाडी काढली आणि मला लाखांदूरच्या बसस्थानकावर सोडलं. पाण्याची बाटली देताना म्हणाले, "भांडू नको तिथं. त्याईचा काही दोष नाही."

बस कोंढ्याला थांबली तेव्हा प्राचार्यांचा फोन आला. रजेचा मेल वाचला असणार. मी उचलला नाही. परत आला, परत नाही उचलला. मग धर्मेंद्र सरांचा संदेश आला: मॅडम, पावसाळी फोटोत तुमचे डोळे मिटलेत, परत काढावा लागेल, याल का? मी फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला.

केंद्रात मोठी खोली होती. रांगेत संगणक, सगळे चालू. प्रत्येक काचेवर हिरवा-निळा कुठला तरी प्रदेश दिसत होता. दाराशी टेबलावर एक बाई नावं टिपून घेत होत्या. माझं नाव त्यांच्या यादीत होतं. त्यांनी हात पुढं केला.

"कार्यमुक्तीचं पत्र?"

"नाही मिळालं."

"मग नोंदणी होणार नाही, मॅडम." त्या कठोर नव्हत्या, थकलेल्या होत्या. "एक-दोन संगणक रिकामे आहेत, बसायचं तर बसा. पण हजेरी लागणार नाही. शेवटी प्रमाणपत्र देता येणार नाही. उगाच दोन आठवडे कशाला घालवता?"

मी पिशवीतून सोनेरी किनारीचा तो जाड कागद काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी विषय वाचला, तारीख वाचली, सही बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"हे तर झालंय तुमचं."

"प्रमाणपत्र झालंय," मी म्हणाले. "शिकायचं राहिलंय. कुठं बसू?"