बापूजींची साखर आणि इंदुताईंची मेथी

बापूजींची साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. इंदुताईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि नवऱ्याचा उपचार स्वतःच्या हाती घेतला. बाभुळगावच्या त्या घरात मग चहात मेथीदाण्याची पूड, वरणात मेथी, भाकरीच्या पिठातही मेथी. गोळ्या चालूच होत्या, पण त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं.

बापूजी बायकोला उलटून बोलणारे नव्हते. सकाळी "कपाशी पाहून येतो" म्हणून ते पायीच वावरात निघायचे, म्हणजे नाश्ता टळायचा. जेवताना चतकोर भाकरी गिळून ते पोट भरल्याचं सांगायचे.

पुढच्या तपासणीत साखर उतरली. इंदुताईंनी ही बातमी गल्लीभर पोचवली. ती ऐकून बापूजींचे दोस्त, गॅरेजवाले कय्युमभाई यांनीही मेथी सुरू केली. सकाळी मूठभर मेथी चावायची आणि आता भीती कसली म्हणून वर गरम जिलबी. त्यांची साखर चढली.

"भाभी, मेथीनं माही शुगर अजून वाढली," ते तक्रार घेऊन आले.

"मेथी कोन्या दुकानातून आनली?" इंदुताईंनी विचारलं.

"बाजारातून."

"मंग कसा गुन येईन? दाना पारखून घ्या लागते."

कय्युमभाईंना हे पटलं नाही. त्यांनी बापूजींना वावराच्या रस्त्यावर गाठलं. "खरं सांगा, तुमची कशी उतरली?"

बापूजींनी आधी मागे वळून पाहिलं. "डॉक्टर म्हनते, मेथीनं जरासा फरक पडत असन. पन गोळी मी चुकवत नाही, चालनं वाढलं, अन् जेवन अर्ध्यावर आलं. इतकं कडू कोन खाईन?"

"भाभीले सांगतलं?"

"तिले कायले सांगू? खुश आहे ते."

कय्युमभाई त्याच संध्याकाळी इंदुताईंच्या दारात उभे राहिले. "भाभी, आमच्या घरी मेथी जमून नाही राह्यली. तुमच्या हातचा डबा भेटन काय?"

इंदुताईंना भरून आलं.

आता दोघे दोस्त सकाळी वावराकडे चालत जातात आणि वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसून जमेल तेवढा डबा खातात. दोघांची साखर बरी आहे. इंदुताई महिला मंडळात मेथीवर बोलायला जातात, तेव्हा दोघांनाही पुरावा म्हणून सोबत नेतात.