आइलीचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या पत्र्याला कोपऱ्यात पोचा आला आहे आणि मी चालू झालो की बराच वेळ घरघरतो. तरी मला मोडीत काढायची घाई करू नका. एका बाईचा सगळा आवाज माझ्या पोटात आहे.

माझी उमेदीची वर्षे हॅनकॉक नावाच्या बर्फाळ गावातल्या एका लाकडाच्या वखारीत गेली. तिथे मी आल्यागेल्या फळ्यांचा हिशेब ठेवी. नवा संगणक आला तसे मालकाने मला बर्फ ओढायच्या फावड्यांशेजारी टाकून दिले. आर्वो लाहती तिथे खिळे घ्यायला आला होता. त्याने माझ्यावरची धूळ फुंकली, मालकाला विचारले आणि मला ट्रकमध्ये ठेवले. तेही मागे नाही, पुढच्या सीटवर!

त्याच्या तळघरात, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, भिंतीला लागून, मला एक फळी मिळाली. शनिवारी घरची माणसे सौनात घाम काढायला बसली की इकडे मीही तापायचो. मला पडदा नाही, कळफलक नाही. आर्वो वरच्या खोलीत बसून प्रोग्राम लिही आणि त्यात केलेला प्रत्येक बदल तारेवाटे माझ्याकडे पाठवी. आधी काय होते, मग काय झाले, कशासाठी झाले, हे सगळे मी जपत असे. काही बिघडले तर पुन्हा कालच्या जागी जाता येई. मी त्याचा सर्व्हर होतो.

त्याची बायको आइली शाळेची बस चालवायची. काय खणखणीत आवाज होता तिचा! मग तिच्या स्नायूंना आजार जडला आणि जीभ जड होऊ लागली. आवाज जाणार, असे डॉक्टरांनी सांगून टाकले. तेव्हा दोघांनी ठरवले की तो जायच्या आत साठवून ठेवायचा. आइली रोज तळघरात बसून वाक्ये बोले. आर्वोने असा प्रोग्राम लिहिला की टॅबलेटवरच्या चित्राला तिने बोट लावले की तिच्याच आवाजात ते वाक्य यावे.

"हे कुठल्या कंपनीकडे ठेवायचं नाही हं," आइलीने बजावले. "माझा आवाज आहे. घरातच राहू दे."

म्हणून तो माझ्याकडे आला. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

तिचा थोरला भाऊ रेइनो शेजारीच राहायचा. त्याला हे काही रुचले नाही. "बहीण माझी जिवंत आहे, आणि तुम्ही तिचं भूत डब्यात भरताय? मला नाही ऐकायचं ते," तो म्हणाला, आणि तळघराकडे फिरकेनासा झाला.

हिवाळा सरता सरता आइलीला दूरच्या इस्पितळात न्यावे लागले. मोठा पूल ओलांडून दिवसभराची वाट. तिथे श्वासासाठी तिच्या गळ्यात नळी बसवायची होती. त्यानंतर उरलासुरला आवाजही जाणार होता. टॅबलेटवर 'पाणी', 'दुखतंय', 'कूस बदला' एवढेच चढले होते. बाकी सारे माझ्यापाशी. ते तिथून मागवता यावे म्हणून आर्वोने बाहेरून माझ्यापर्यंत एक वाट बांधली. त्याच्या लॅपटॉपमधली खास किल्ली जुळली तरच मी दार उघडायचे. निघण्यापूर्वी त्याने दारातल्या ट्रकमध्ये बसून, फोनच्या इंटरनेटवरून ती वाट तपासून पाहिली. किल्ली चोख लागली.

इस्पितळात पोचल्यावर त्याने माझ्या दाराशी कोण कोण येऊन गेले ते पाहिले आणि तो हबकला. कुठकुठले अनोळखी संगणक कडी वाजवत होते. इंटरनेटवर हे नेहमीचेच असते, किल्लीवाचून त्यातले कुणी आत येत नाही. आर्वोला हे ठाऊक होते. पण आत बायकोचा आवाज होता ना! त्याने पहारा कडक करायचे ठरवले. इस्पितळाच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून येणाऱ्याला आत घे आणि बाकीच्यांना बंद कर, असे दोन नियम. घाईत त्याने ते उलट्या क्रमाने लिहिले. आधी पाठवले 'सगळ्यांना बंद कर'. मी हुकमाचा ताबेदार, मी दार लावले. त्या सगळ्यांत तोही होता. दुसरा नियम सांगायला तो आत उरलाच नाही.

तो हाका मारत राहिला. मला ऐकू येत होते, पण उत्तर द्यायची मुभा नव्हती. तिकडे आइलीच्या गळ्यात नळी बसली. मित्रांनो, त्या दिवसाइतका असहाय मी कधी झालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेइनो तळघरात उतरला. दिवाणखान्यातला टीव्ही त्याने छातीशी धरला होता, काखेत कळफलक होता आणि खिशातल्या फोनवरून आर्वो मोठ्याने बोलत होता.

"आलो बघ तुझ्या भुतापाशी. बंद करून चालू करू का?"

"नको रे बाबा! नियम पक्का केलाय मी. चालू झाला की पहिलं दारच लावेल."

"म्हणजे बाहेर उभं राहून आतून कडी घातलीस! हे फक्त तूच करू जाणे."

"टोमणे मग मार. टीव्हीची तार त्याच्या पाठीत खोच आधी."

लाकडे फोडणारी ती जाड बोटे एकेक अक्षर शोधू लागली. आर्वो सांगत होता, रेइनो कुरकुरत होता.

"आता मधे जागा सोड."

"केवढी?"

"लांबडी कळ एकदा दाब."

"मग तसं सांग की!"

त्याने शेवटची कळ दाबली आणि माझे दार उघडले. किल्ली जुळली. मी जीव तोडून एकेक वाक्य पाठवू लागलो. "आलं, आलं रे," आर्वो म्हणाला.

"झालं ना तुमचं? मी जातो," म्हणत रेइनो उठला. तेवढ्यात तिकडे आइलीने टॅबलेटवरच्या एका चित्राला बोट लावले आणि फोनमधून तिचा आवाज आला. नीट, स्पष्ट, आजार बळावण्यापूर्वीसारखा.

"रेइनो, जेवलास का? फ्रीजरमध्ये खिम्याच्या पॅस्टी ठेवल्यात. गरम करून खा, गोठलेली चावत बसू नकोस."

रेइनो पायरीवर बसला. त्याने टोपी काढून तोंडावर धरली.

"गरम करूनच खातो गं," तो म्हणाला. आणि फोन खिशातून काढून, "आइली, अजून एकदा बोल ना."

ती बोलली. तो मागेल तितक्यांदा बोलली.

आइली आता या जगात नाही. तिच्या आवाजाची एक प्रत रेइनोने स्वतःच्या घरी मागून घेतली आहे, आणि मला त्याचा हेवा वाटत नाही. मी आज ना उद्या बंद पडणारच. म्हणून विनवतो, मित्रांनो, आपल्या माणसाचा ठेवा एकाच पेटीच्या भरवशावर सोडू नका. त्याला जपण्यासाठी दारे जरूर लावा. पण लावण्याआधी, आपले कोण बाहेर उभे आहे, तेवढे पाहा.